वसंतराव नाईक यांचा वारसा आणि बोरी अरबचा शेतकरी

दरसाल जुलै महिन्याची पहिली तारीख उगवली म्हणजे महाराष्ट्रांतील सरकारी कचेऱ्यांतून व शाळांतून कृषिदिन साजरा होतो. कै. वसंतराव नाईक यांच्या तसबिरीस हार घातले जातात, अंगणांत दोन रोपटीं लाविलीं जातात, आणि व्याख्याते ‘हरितक्रांतीचे जनक’ ही पदवी उच्चारून खालीं बसतात. त्याच दिवशीं यवतमाळ जिल्ह्यांतील, दारव्हा तालुक्याच्या बोरी अरब गांवचा शेतकरी आपल्या काळ्या रानांत कपाशीच्या तासांकडे आणि आभाळाकडे आळीपाळीनें पाहत उभा असतो. त्या हारांचा आणि आभाळाकडे लागलेल्या या डोळ्यांचा संबंध काय, हा प्रश्न व्याख्यात्यांस सहसा सुचत नाहीं. तोच आम्ही आज वाचकांपुढें मांडणार आहों.

थोर पुरुषांच्या चरित्राचा आपल्याकडे दोनच रीतींनीं उपयोग होतो. अनुयायी त्यांचें देवपण सिद्ध करितात आणि विरोधक त्यांचें पाप मोजतात. मधल्या मध्यें त्या पुरुषानें काय केलें, त्यांतलें काय टिकलें आणि काय वाहून गेलें, याचा हिशोब कोणीच करीत नाहीं. आम्हीं न्यायासनापुढें उमेदीचीं वर्षें घालविलीं आहेत. तेथें स्तुतीस व निंदेस किंमत नसते, पुराव्यास असते. वसंतराव स्वतः वकील होते. तेव्हां त्यांच्या कारकीर्दीची तपासणी वकिली पद्धतीनें झाली तर त्यांत त्यांचा अवमान होतो असें कोणीं समजूं नये.

वसंतराव फुलसिंग नाईक यांचा जन्म १ जुलै १९१३ रोजीं पुसद तालुक्यांतील गहुली येथें, बंजारा समाजांत झाला. या समाजाचे बैल एके काळीं मीठ व धान्य पाठीवर घेऊन मुलुखभर फिरत आणि लष्करांस रसद पोंचवीत. आगगाडी आली आणि तो व्यापार बसला. याच जिल्ह्यांत विसाव्या शतकाच्या आरंभीं मूर्तिजापूर-दारव्हा-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी धांवूं लागली ती मुख्यतः कापसासाठीं. वऱ्हाडचा कापूस तिनें मुंबईच्या वाटेस लाविला, पण बैलाच्या पाठीवर माल वाहणाऱ्यांच्या पदरांत तिनें कांहीं टाकलें नाहीं. उलट इंग्रज सरकारनें १८७१ च्या कायद्यानें ज्या अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांत कांहीं प्रांतांतले बंजाऱ्यांचे गटहि सांपडले. गुन्हा करण्यापूर्वींच माणसास आरोपी ठरविणारा हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं रद्द झाला. म्हणजे स्वराज्य आल्यावरहि तो पांच वर्षें जिवंत होता! आणि ज्या सालीं तो मेला, त्याच सालीं गहुलीचा हा मुलगा निवडून येऊन नागपूरच्या विधिमंडळांत बसला. ज्यांस इतिहासांतील न्याय पाहावयाचा असेल त्यांनीं या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं मांडून पाहाव्यात.

परंतु हा न्याय आपोआप झाला नाहीं. आसपासच्या गांवांत शाळा शोधीत शोधीत वसंतराव अमरावतीस व नागपुरास पोंचले. नागपूरच्या मॉरिस कॉलेजांतून त्यांनीं पदवी घेतली आणि १९४० सालीं ते कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाले. अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या हाताखालीं कांहीं काळ वकिली करून त्यांनीं पुसद येथें आपलें बस्तान बसविलें. १९४१ सालीं त्यांनीं नागपूरच्या वत्सलाबाई घाटे यांच्याशीं विवाह केला. वधू ब्राह्मण, वर बंजारा. दोन्हीकडील नातलगांच्या कपाळास आंठ्या पडल्या यांत नवल तें कोणतें? जातिभेदावर व्याख्यानें देणारे पुढारी आपल्याकडे त्या काळीं पुष्कळ होते व आजहि आहेत. परंतु स्वतःच्या लग्नाची वेळ आली कीं त्यांचें धैर्य पंचांगाच्या व सोयरिकीच्या आड लपतें. अठ्ठाविसाव्या वर्षीं वसंतरावांनीं बोलून दाखविण्याऐवजीं करून दाखविलें, ही त्यांच्या पुढील सर्व पदांहून आम्हांस मोठी गोष्ट वाटते.

१९४६ सालीं ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. नळ, गटार, दिवाबत्ती आणि करवसुली हें राजकारणाचें खरें प्राथमिक शिक्षण होय; तें न घेतां जे एकदम मंत्रिपदाच्या वर्गांत बसतात त्यांची फजिती आपण नित्य पाहतों. १९५२ सालीं वसंतराव तत्कालीन मध्य प्रदेशच्या विधानसभेंत निवडून आले व महसूल खात्याचे उपमंत्री झाले. १९५६ सालीं राज्यांची पुनर्रचना होऊन विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यांत आला, तेव्हां यशवंतराव चव्हाण यांच्या मंत्रिमंडळांत प्रथम सहकार आणि मग कृषि खातें त्यांच्याकडे आलें. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें आणि ते महसूलमंत्री झाले.

येथवरचा वृत्तांत एका कर्तबगार माणसाच्या बढतीचा आहे. बोरी अरबच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोंचणारें त्यांचें पहिलें मोठें काम यानंतरचें. लोकशाहीचे विकेंद्रीकरण कसें करावें हें ठरविण्यासाठीं १९६० सालीं राज्य सरकारनें एक समिती नेमली व वसंतरावांस तिचे अध्यक्ष केलें. केंद्र सरकारनें नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीनें १९५७ सालीं तालुक्याच्या पातळीवरील पंचायत समितीस मुख्य सत्ता द्यावी असा सल्ला दिला होता. नाईक समितीनें १९६१ च्या अहवालांत निराळें मत दिलें: ज्या संस्थेस इंजिनियर, डॉक्टर व शिक्षणाधिकारी पोसण्याइतकी ऐपत नाहीं तिला अधिकार देणें म्हणजे रिकामी तिजोरी देऊन किल्ल्यांचा जुडगा सोंपविणें होय, म्हणून जिल्हा हाच मुख्य घटक धरावा. शिवाय आमदार-खासदारांस या संस्थांचे सभासद करूं नये व जिल्हाधिकाऱ्यासहि त्यांच्याबाहेर ठेवावें, असा मार्ग महाराष्ट्रानें धरिला. त्याप्रमाणें कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. बोरी अरबच्या पोरांची प्राथमिक शाळा, बाळंतिणीचा दवाखाना, गांवास जोडणारा लहान रस्ता, नाल्यावरचा छोटा बंधारा, गुरांचा दवाखाना यांचा अधिकार मुंबईतील सचिवाच्या मेजावरून यवतमाळास आला तो या कायद्यानें.

२४ नोव्हेंबर १९६३ रोजीं मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचें निधन झालें आणि ५ डिसेंबर रोजीं वसंतराव त्या पदावर बसले. फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षें व सुमारें अडीच महिने, ते तेथें राहिले. इतका प्रदीर्घ काळ त्या खुर्चींत सलग राहण्याचें भाग्य त्यांच्यानंतर दुसऱ्या कोणास लाभलेलें नाहीं.

तो काळ सुखाचा नव्हता. १९६५-६६ च्या सुमारास देशांत धान्याची टंचाई पडली. अमेरिकेहून आलेला लाल मिलो स्वस्त धान्याच्या दुकानापुढें रांगेंत उभे राहून ज्यांनीं आणला, ते म्हातारे अद्याप त्याची चव विसरलेले नाहींत. त्या वेळीं वसंतरावांनीं जाहीर सभेंत अशा अर्थाचे उद्गार काढले कीं दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यांत स्वयंपूर्ण झाला नाहीं तर आपणांस फाशी द्यावें. शब्द भरधाव होते, पण मागोमाग कामहि झालें. संकरित ज्वारीचें बियाणें, रासायनिक खत, विहिरी व विजेचे पंप यांचा प्रसार झपाट्यानें झाला. १९६८ सालीं राहुरी, १९६९ सालीं अकोला, आणि १९७२ सालीं परभणी व दापोली अशीं चार कृषि विद्यापीठें उभीं राहिलीं. त्यांपैकीं परभणीच्या विद्यापीठास २०१३ पासून वसंतरावांचेंच नांव आहे. संकरित ज्वारीनें पोटें भरलीं हें खरें. ऐन कापणीच्या वेळीं पावसांत सांपडली कीं तिचीं कणसें काळीं पडत आणि तिच्या भाकरीस गांवरान ज्वारीची गोडी नसे, हेंहि तितकेंच खरें. पण भुकेल्यास चवीचा विचार मागून सुचतो. त्या वर्षांत आधीं पोट भरणें हाच धर्म होता.

पुढें १९७२ चा दुष्काळ आला आणि मिळविलेली स्वयंपूर्णता पावसाच्या किती मुठींत आहे हें उघड झालें. विहिरी आटल्या, गुरें छावण्यांत गेलीं, माणसें खडी फोडण्यास बसलीं. १९७३ च्या उन्हाळ्यांत दुष्काळी कामांवर राबणाऱ्या मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरांत गेली. इंग्रजी अमदानींत असल्या दुष्काळांत माणसें लाखांनीं मेलीं होतीं. या वेळीं राज्यानें भूकबळींची तशी रास पडूं दिली नाहीं, हें जगांतील अभ्यासकांनींहि नमूद करून ठेविलें आहे. या धडपडींतूनच रोजगार हमीचा विचार दृढ झाला. मूळ कल्पना विधान परिषदेचे सभापति वि. स. पागे यांची, तिला आसरा दिला वसंतरावांच्या सरकारनें, तिचा कायदा विधिमंडळानें संमत केला १९७७ सालीं. २००५ सालीं केंद्राच्या कायद्यानें तेंच तत्त्व सबंध देशास लागू केलें. काम मागणें ही भीक नसून हक्क आहे, ही गोष्ट हिंदुस्थानाच्या कायद्याच्या पुस्तकांत महाराष्ट्राच्या मजुरानें लिहविली!

आतां कापसाकडे वळूं; कारण बोरी अरबच्या शेतकऱ्याचें प्राक्तन कापसाच्या बोंडांत बंद आहे. व्यापाऱ्यांच्या व अडत्यांच्या तावडींतून त्यास सोडवावें म्हणून १९७१ सालीं कापूस एकाधिकार खरेदीचा कायदा झाला आणि १९७२ च्या हंगामापासून राज्यांतील कापूस एकट्या सरकारी यंत्रणेनेंच विकत घ्यावा अशी व्यवस्था झाली. हेतु उत्तम होता. आरंभीं शेतकऱ्यास आधार मिळाला. परंतु पुढें काय झालें? चुकारे हप्त्यांनीं व उशिरां मिळूं लागले. प्रतवारींत लबाडी होऊं लागली. शेजारच्या राज्यांत भाव चढला कीं कापूस रात्रींतून सीमेपार जाई आणि उतरला कीं तिकडचा इकडे येई. निवडणूक जवळ आली कीं बाजाराचा विचार न करितां भाव जाहीर होई आणि तोटा खात्यावर चढे. अखेर नव्या शतकाच्या आरंभीं हा एकाधिकार मोडला आणि शेतकरी पुन्हां बाजारांत एकटा उभा राहिला. या अधोगतीचा सगळा दोष वसंतरावांच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल, कारण त्यांनीं सत्ता सोडल्यावर ती योजना पंचवीस वर्षें चालली. पण ज्या संस्थेंत हिशोब विचारण्याचा अधिकार कापूस पिकविणाऱ्याच्या हातीं नाहीं ती संस्था त्याच्या नांवानें चालली तरी त्याची होत नाहीं, हा धडा तिच्यांतून घेतलाच पाहिजे.

दुसरा आरोप याहून कडक आहे. १९५३ च्या नागपूर करारांत विदर्भास निधीचा व नोकऱ्यांचा न्याय्य वांटा देण्याचें वचन होतें. कन्नमवार चांद्याकडचे, वसंतराव पुसदचे. म्हणजे बारा वर्षांहून अधिक काळ राज्याची धुरा वैदर्भीय माणसाच्या खांद्यावर होती. तरीहि दांडेकर समितीनें १९८४ सालीं प्रादेशिक असमतोलाचें मोजमाप केलें तेव्हां सिंचनापासून रस्त्यांपर्यंत विदर्भाच्या नांवावर मोठा अनुशेष निघाला. आपल्या भागाचा माणूस मुख्यमंत्री झाला कीं आपलें कल्याण झालेंच, या भोळ्या समजुतीचें याहून सणसणीत खंडन दुसरें कोणतें हवें? कांहीं लोक म्हणतील कीं त्यांनीं सबंध राज्याचा विचार केला, हा गुणच नव्हे काय? आम्हांसहि तो गुणच वाटतो. आमचें म्हणणें इतकेंच कीं न्याय्य वांटा नियमानें व आंकड्यानें मिळाला पाहिजे. तो माणसाच्या गांवावरून मिळण्याची वाट पाहूं नये.

मुंबईंतील त्यांच्या धोरणासंबंधींहि प्रश्न उरतात. १९७० सालीं सिडकोची स्थापना करून त्यांच्या सरकारनें खाडीपलीकडे नव्या शहराचा पाया घातला, हें दूरदृष्टीचें काम झालें. पण डाव्या कामगार संघटनांस शह देण्यासाठीं त्यांनीं नवजात शिवसेनेकडे कानाडोळा केला, असा आरोप त्यांच्या हयातींतच होत असे आणि विरोधक तिला ‘वसंतसेना’ म्हणून हिणवीत. शिवाय पुसदच्या जागेचें काय? १९५२ पासून आजपर्यंत ती बहुतेक काळ एकाच घरांत राहिली आहे. त्या घरांतील सुधाकरराव नाईक १९९१ सालीं मुख्यमंत्री झाले आणि जलसंधारणाचें चांगलें काम त्यांच्या नांवावर आहे. व्यक्तीच्या योग्यतेविषयीं आमचा वाद नाहीं. तथापि ज्या तांड्यांतून एक मुलगा स्वतःच्या बळावर वर आला, त्याच समाजांतील इतर तांड्यांच्या मुलांस ती वाट मोकळी आहे कीं नाहीं, हें विचारण्याचा हक्क मतदारांस आहे.

फेब्रुवारी १९७५ मध्यें दिल्लीच्या इच्छेनें वसंतरावांस पद सोडावें लागलें व शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. अकरा वर्षांचें राज्य एका इशाऱ्यानें संपलें. विधानसभेंत कोणीं अविश्वास दाखविला नव्हता, मतदारांनीं नाकारलें नव्हतें. जिल्ह्यास अधिकार देणारा हा पुरुष स्वतः मात्र पक्षश्रेष्ठींच्या मर्जीवर होता, हा दैवदुर्विलास विचार करण्यासारखा आहे. १९७७ सालीं ते वाशीम मतदारसंघांतून लोकसभेवर निवडून गेले आणि १८ ऑगस्ट १९७९ रोजीं सिंगापूर येथें त्यांचें निधन झालें.

त्यांच्या मृत्यूस सात वर्षें झालीं नाहींत तोंच, १९ मार्च १९८६ रोजीं, त्यांच्याच जिल्ह्यांतील चिलगव्हाण गांवच्या एका शेतकऱ्यानें बायकोमुलांसह आपली जीवनयात्रा संपविली. पुढें तर यवतमाळचें नांव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठीं देशभर घेतलें जाऊं लागलें. त्या आवरण्यासाठीं सरकारनें जें मिशन काढलें त्यासहि वसंतरावांचेंच नांव दिलें. ज्यानें भुकेपासून राज्य वांचविलें त्याच्याच जिल्ह्यांत धान्य व कापूस पिकविणारा मरावा, याची कारणमीमांसा सोपी नाहीं. तथापि एक गोष्ट स्पष्ट दिसते. हरितक्रांतीनें पीक वाढविण्याचा प्रश्न सोडविला. पावसावरच्या शेतीची जोखीम कोणीं सोसावी, हा प्रश्न तिनें सोडविला नाहीं. बियाणें, खत व औषध यांचा खर्च रोख झाला. पाणी पूर्वींप्रमाणेंच आभाळाचें राहिलें. भाव दुसऱ्याच्या हातीं गेला. धरणाखालीं ऊंस लावणाऱ्यास जें नवें तंत्र वरदान ठरलें, तेंच कोरडवाहू कपाशीवाल्याच्या गळ्यांत कर्जाचें लोढणें झालें.

मग करावें काय? आमचे कांहीं मित्र म्हणतात, पुन्हां एखादा वसंतराव जन्मास आला पाहिजे. आम्हांस हें मत मान्य नाहीं. वसंतरावांच्या कामांपैकीं जें टिकलें तें कायद्याच्या पायावर उभें होतें व लोकांनीं वापरलें म्हणून टिकलें. जें मोडलें तें वरून खालीं आलें होतें व लोकांस त्याचा हिशोब विचारतां येत नव्हता म्हणून मोडलें. तेव्हां वाट अवताराची पाहावयाची नसून हक्क बजावण्याची आहे.

आणि नेमका तोच हक्क आपण निजेंत घालवीत आहों. मार्च २०२२ मध्यें मुदत संपल्यावर राज्यांतील बहुतेक जिल्हा परिषदा निवडणुकीवांचून कित्येक वर्षें प्रशासकांच्या हातीं राहिल्या. त्यांत यवतमाळहि होती. कोर्टांतील आरक्षणाचा वाद हें कारण सांगण्यांत आलें. वाद खरा असेल. पण १९६२ सालीं ज्या अधिकारासाठीं एवढी खटपट झाली, तो वर्षानुवर्षें एका सरकारी अधिकाऱ्याच्या सहीवर चालला आणि गांवोगांवच्या चावडीवर त्याबद्दल हूं कीं चूं झालें नाहीं! तसबिरीस हार घालणारे हात तेव्हां कोठें होते? नाईक समितीनें जिल्हाधिकाऱ्यास जिल्हा परिषदेच्या दाराबाहेर उभें केलें होतें. आपण आपल्या उदासीनतेनें नोकरशाहीस पुन्हां आंत बोलावून गादीवर बसविलें.

बोरी अरबच्या नागरिकांस आमची विनंति साधी आहे. ग्रामसभेस जा; तेथें स्त्रियांस पुढें बसवा, कारण पाणी कोणत्या महिन्यांत आटतें हें त्यांस अधिक ठाऊक असतें. रोजगाराचें काम हवें असेल तर तोंडी न सांगतां लेखी मागा आणि अर्जाची पोच घ्या. आपल्या शिवारांतील बंधाऱ्यावर, शाळेच्या खोलीवर, दवाखान्याच्या औषधांवर किती रुपये मंजूर झाले व किती खर्ची पडले याचे कागद २००५ च्या माहितीच्या कायद्यानें मागून पाहा. उमेदवार दारीं आला तर त्याची जात व त्याचें गांव विचारण्यापूर्वीं कोरडवाहू शेतीच्या विम्याचें, पाण्याचें व कापसाच्या भावाचें तो काय करणार तें विचारा, आणि पांच वर्षांनीं त्याच उत्तराची आठवण त्यास करून द्या.

वसंतरावांनीं एका सभेंत स्वतःचें उत्तरदायित्व गळफासाच्या भाषेंत सांगितलें. तो अतिशयोक्तीचा अलंकार होता हें खरें, परंतु त्याच्या तळाशीं एक निखळ तत्त्व होतें: राज्यकर्त्यानें वचन द्यावें तें मुदत घालून द्यावें, आणि चुकलें तर शिक्षेस तयार असावें. त्यानंतर कित्येक मंत्री आले व गेले. वचनें वाढलीं, मुदती नाहींशा झाल्या. आणि या जिल्ह्यांत गळफास उरला तो शेतकऱ्याच्या वांट्यास! ही उलटापालट जोंवर सरळ होत नाहीं तोंवर कृषिदिनाचे हार त्या तसबिरीवर शोभत नाहींत, असें आमचें स्पष्ट मत आहे.